मुलांसाठी गाव निवडताना

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मी व्याख्याता नव्हे. माझे सारे आयुष्य यंत्रासमोर उभे राहून गेले. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये. संस्थेच्या चिटणीसांनी मला सांगितले की, गेल्या काही वर्षांत अनेक तरुण पालक एकच प्रश्न घेऊन शिक्षकांकडे येतात. जुन्या नाशकातली दोन खोल्यांची जागा सोडून ओझर, पिंपळगाव, सिन्नर, घोटी अशा कुठल्या तरी अंगाला एखादा प्लॉट घ्यावा, मोकळ्या हवेत मुले वाढवावीत, हे बरे की वाईट? चिटणीस म्हणाले, "तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी हेच केले होते. त्याचा हिशेब पालकांपुढे मांडा." म्हणून मी आज उभा आहे. हिशेब म्हटला की त्यात जमेची बाजू असते तशी खर्चाचीही असते. दोन्ही सांगेन.

माझा जन्म दूधबाजाराच्या मागच्या एका वाड्यातला. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसे. नळाला पाणी पहाटे येई आणि ते भरण्यासाठी अम्मी फजरच्या आधी उठे. पण त्या वाड्यात कोणी एकटे नव्हते. कोणाच्या घरी पाहुणा आला की चार घरांतून चटया येत, कोणाच्या घरी मयत झाली की तीन दिवस चूल पेटवावी लागत नसे. शाळा, दवाखाना, मशीद, बाजार सारे पायाखाली. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण खेड्याचे गोडवे गाणारे लोक शहरातल्या मोहल्ल्याला फार लवकर नावे ठेवतात. गर्दीला वास असतो तशी ऊबही असते.

आय.टी.आय. करून १९७४ साली मी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागलो. हा कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९६४ साली रशियन मिग विमाने बांधण्यासाठी उभारला. म्हणून आजही लोक त्या गावाला 'ओझर मिग' म्हणतात. मिग-२१, मग मिग-२७, पुढे सुखोई तेथे बांधली गेली आणि २०२५ मध्ये तेजस विमानांच्या बांधणीचीही सोय तेथे झाली. नाशिकपासून हे अंतर सुमारे वीस किलोमीटर. सात वर्षे मी रोज मुंबई–आग्रा रस्त्याने ये-जा केली. १९७७ मध्ये लग्न झाले, १९७९ मध्ये मुलगी झाली. रात्रपाळी करून सकाळी घरी यावे, तर झोपायला कोपरा नसे. मी झोपलो की सारा वाडा कुजबुजत बोले आणि त्या कुजबुजीची मला अधिकच लाज वाटे.

१९८१ साली मी ओझर गावात बिऱ्हाड करायचे ठरवले. अब्बा म्हणाले, "लोक खेड्यातून शहरात येतात, तू उलटा चालला आहेस." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची एकूण पंचेचाळीस टक्के वस्ती शहरी निघाली, तर मुसलमानांमध्ये हेच प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर आहे. आमचा समाज या राज्यात शहराच्या आधाराने जगणारा आहे. कारागिरी, लहान दुकान, हातगाडी, यंत्रमाग हे धंदे शहरातच चालतात. शेती थोड्यांकडे. तेव्हा अब्बांच्या शंकेमागे पिढ्यांचा अनुभव होता.

घर शोधताना पहिला धडा मिळाला. एका घरमालकाने खोली दाखवली, भाडे ठरले, आणि नाव विचारल्यावर खोली भाच्यासाठी ठेवल्याचे त्यांना आठवले. मी रागावलो नाही असे म्हणणे खोटे होईल. तीन दिवसांनी दुसऱ्या आळीतल्या एका शेतकऱ्याने दोन खोल्या आणि पुढचा ओटा दिला. त्यांना सारे गाव आबा म्हणे, आम्हीही आबाच म्हणू लागलो. त्यांनी विचारले ते एवढेच : "रात्रपाळी असली की पोरीबाळी एकट्या राहतील, भीती नाही ना वाटणार?" एकाच गावात हे दोन्ही लोक होते. पुढे कोणी मला "खेडेगावातली माणसे कशी असतात?" असे विचारले की मी या दोघांची आठवण काढतो आणि सरसकट उत्तर देण्याचे टाळतो.

हा प्रश्न काही आपल्याच काळात निघालेला नाही. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी, १३७७ साली, इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दिम्या'त रानावनातल्या आणि शहरातल्या राहणीची तुलना केली. मोकळ्या मुलखात राहणारी माणसे काटक असतात, एकमेकांसाठी उभी राहतात, असे त्याचे निरीक्षण. पण विद्या आणि कारागिरी फुलते ती दाट वस्तीच्या शहरात, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. लोक पहिला भाग सांगतात आणि दुसरा विसरतात. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड नावाच्या लघुलेखकाने १८९८ साली असे मांडले की, माणसाला शहर एका बाजूने ओढते, खेडे दुसऱ्या बाजूने. मग दोहोंचे गुण असलेली तिसरी वस्तीच का उभारू नये? त्यातून १९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ हे उद्याननगर वसवायला सुरुवात झाली.

आपल्या देशात या बाबतीत दोन मोठ्या माणसांचे दोन टोकांचे मत होते. गांधीजींना खेड्यात देशाचा प्राण दिसला. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट सांगितले की, खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे ठिकाण आहे. हे म्हणणारा माणूस पुस्तक वाचून बोलत नव्हता. आपल्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यालाच त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्याला गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्याला 'गावात माया असते' हे सांगून पटणार नाही, आणि पटूही नये. गाव चांगले की वाईट हे गावाच्या झाडांवरून ठरत नाही. तेथे थोड्यांशी, कमी बळाच्या लोकांशी कसे वागतात यावरून ठरते. म्हणून आज मी तुम्हाला जी मोजपट्टी देणार आहे ती हवा-पाण्याची नाही.

हवा-पाण्याचेही दोन शब्द बोलून टाकतो. ओझर निफाड तालुक्यात आहे. निफाड म्हणजे द्राक्षाचा, कांद्याचा आणि उसाचा मुलूख. थंडीत पारा इतका खाली उतरतो की बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. मुलांना अंगण मिळाले, बाणगंगेचा काठ मिळाला, पोहणे, झाडावर चढणे, शेळीला चारा घालणे हे सारे न शिकवता आले. पण द्राक्षबाग ही देवाने सोडलेली रानवेल नव्हे. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, आणि त्यानंतर डावणी-भुरीसाठी औषधाच्या फवारण्या, त्याही एकदोन नव्हेत. बागेला लागून घर असेल तर फवारणीच्या दिवशी खिडक्या लावून घ्याव्या लागतात, दोरीवरचे कपडे आत घ्यावे लागतात आणि विहिरीचे पाणी तपासून घ्यावे लागते. शहरात धूर आहे, खेड्यात शुद्ध हवा आहे, असे समजून जो प्लॉट घेईल त्याने आधी शेजारच्या गटात कोणते पीक आहे ते पाहावे.

आता मोजपट्टीकडे येतो. पहिली गोष्ट : रात्री कोण येते?

१९८६ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. धाकटा मुलगा तीन वर्षांचा होता. मी रात्रपाळीला होतो. मध्यरात्री त्याला ताप चढला आणि झटके आले. गावातले डॉक्टर लग्नासाठी बाहेरगावी गेलेले. माझ्या बायकोने मुलाला चादरीत गुंडाळले आणि आबांचे दार वाजवले. दिवस द्राक्षहंगामाचे. आबांच्या बागेतली मेटॅडोर मुंबईच्या बाजारासाठी भरून उभी होती. माल पहाटे बाजारात पोचला नाही तर भाव पडतो, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही. आबांनी ड्रायव्हरला सांगितले, आधी नाशिक, मग मुंबई. स्वतः पेट्यांच्या शेजारी मागे बसले, बायको आणि मूल पुढे. मूल वाचले. आबांचा माल त्या दिवशी उशिरा लागला आणि भाव कमी आला, हे मला आठवड्याने ड्रायव्हरकडून कळले. आबा स्वतः कधी बोलले नाहीत.

पालकहो, सण-उत्सवातली ये-जा ही शेजाराची परीक्षा नव्हे. चंपाषष्ठीला खंडेराव महाराजांच्या यात्रेत माझी मुले पाळण्यात बसली आणि ईदला गल्लीतली मुले शिरखुर्म्याला आली, हे खरेच आहे आणि चांगलेच आहे. भाषणांतून आपण तेवढेच सांगतो. पण शिरखुर्म्याला यायला काही खर्च नाही. भरलेली गाडी वळवायला खर्च आहे. जेथे राहायला जाल तेथे स्वतःला विचारा : मध्यरात्री मी कोणाचे दार वाजवू शकेन? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, माझे दार कोण वाजवू शकेल? दुसरा प्रश्न न विचारणारा माणूस त्या गावात भाडेकरूच राहतो, मग घर त्याच्या मालकीचे असले तरी.

दुसरी गोष्ट : मुलीची बारावी.

मी मुलीची म्हणतो, मुलाची म्हणत नाही. मुलगा पाच कोस सायकल मारील, मित्राच्या खोलीवर राहील. मुलीची शाळा जेथे संपते तेथे बहुतेक घरांत मुलीचे शिक्षण संपते. नाशिक जिल्ह्याचे एक भाग्य आहे. मराठा विद्या प्रसारक समाजाने १९१४ सालापासून या जिल्ह्याच्या गावोगावी शाळा नेल्या. पुढे मोठ्या गावांतून हायस्कुले आणि कॉलेजेही आली. तिकडे सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. या लोकांनी हायस्कूल खेड्यात नेले नसते, तर आज निमशहरी गावात कुटुंब वाढवण्याचा प्रश्नच आपल्याला पडला नसता. मुले शिकवायची तर शहर, हा एकच रस्ता उरला असता. सगळीकडे असे भाग्य नसते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की, देशात मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या लहान खेड्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश खेड्यांत शाळाच नव्हती.

माझी मुलगी गावातल्या मराठी हायस्कुलात दहावी झाली. अकरावी-बारावीला पिंपळगावला एस.टी.ने गेली. १९९५ ते १९९७ ही दोन वर्षे तिची आई रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन उभी राहत असे. नातेवाईक विचारीत, "एवढी मोठी मुलगी गाडीने जाते?" एका लग्नात एका मामूंनी मला बाजूला घेऊन समजावले. त्या वर्षी शाळा सोडवावी असे माझ्याही मनात एकदा आले होते, हे मी येथे कबूल करतो. सोडवली नाही याचे श्रेय माझे नाही. स्टँडवर उभी राहणाऱ्या बाईचे आहे. आज ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. पासामुळे भाडे वाचते. पण परतीची गाडी किती वाजता आहे, स्टँडपासून घरापर्यंत दिवे आहेत काय, सोबत आणखी किती मुली आहेत, हे पास सांगत नाही. प्लॉट पाहायला रविवारी दुपारी जाऊ नका. डिसेंबरातल्या एखाद्या चालू दिवशी संध्याकाळी सात वाजता जा आणि स्टँडपासून प्लॉटपर्यंत चालत जा.

तिसरी गोष्ट सांगताना मला जड जाते. ती म्हणजे घरची लिपी.

ओझरला आमची मुले मराठीत शिकली. याचे मला वाईट वाटत नाही. मराठी ही आम्हाला परकी नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, आणि १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ही परंपरा आहे. माझी मुलगी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते आणि तिचे शुद्धलेखन मला लाजवते. पण घरात उर्दू कोण शिकवणार, हा प्रश्न मी "पुढे पाहू" म्हणून ढकलत राहिलो. गावात आमची घरे थोडी. कुराणशरीफचे नाझिरा वाचन मुले शिकली, पण उर्दू लिहिणे-वाचणे राहिले. आम्ही तीन घरांनी मिळून ओट्यावर संध्याकाळचा वर्ग सुरू केला, तेव्हा मुलगी नववीत होती. दोन वर्षांनी शिकवणारे गृहस्थ बदलून गेले आणि वर्ग बंद पडला.

अम्मी वारली २००४ मध्ये. तिच्या पेटीत एक वही निघाली. मोहल्ल्यातल्या उस्तानीकडे शिकलेल्या बारीक उर्दू अक्षरात तिने तीत सारे लिहून ठेवले होते. कोणाचा जन्म कधी, कोणाचे निकाह कोठे, खोकल्याचा काढा, पुराच्या वर्षी वाड्यात किती पाणी चढले होते, आणि अधूनमधून नातवंडांविषयी दोन ओळी. माझ्या मुलीचे नाव त्या वहीत चौदा वेळा आहे. तिला त्यातले एकही वाचता आले नाही. तिने वही उलटी-सुलटी करून माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "अब्बा, यात माझे नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा." पालकहो, मोकळी हवा, अंगण, बाणगंगा हे सारे एका पारड्यात घातले तरी त्या क्षणी दुसरे पारडे खाली गेले. आता दर रविवारी मी वाचतो आणि ती देवनागरीत लिहून घेते. निम्मी वही झाली आहे. मी घाई करतो आहे, कारण माझे वय झाले.

तेव्हा जे सोडून चाललो त्यातले काय बरोबर न्यायचे आहे, याची यादी सामान बांधण्याआधी करा. आपोआप काहीच बरोबर येत नाही. मोहल्ल्यात जे हवेतून मिळते ते बाहेर वेळापत्रक आखून मिळवावे लागते. कोणाची ती लिपी असेल, कोणाची आजी असेल, कोणाचा कारागिरीचा हात असेल.

चौथी गोष्ट : वाईट दिवस.

१९९२ च्या डिसेंबरात सारा देश पेटला होता. अम्मीने निरोप पाठवला, मुले घेऊन मोहल्ल्यात या. मुलगी तेव्हा आठवीत होती. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कोणी काही मोठे पराक्रमाचे केले नाही. दूध रोजच्या वेळी आले. वर्गशिक्षक बाईंनी गैरहजर मुलांची नावे नेहमीसारखी वाचली आणि मुलगी दोन दिवस आली नाही म्हणून तिसऱ्या दिवशी घरी विचारायला आल्या. आबा ओट्यावर येऊन नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसत, बोलत मात्र कांद्याच्या भावाविषयीच. आम्ही राहिलो. परंतु मी तुम्हाला असेही सांगितले पाहिजे की, त्या सहा रात्री मला झोप लागली नाही. दाट वस्तीत माणूस निर्धास्त झोपतो, म्हणूनच लोक दाट वस्तीत राहतात. सच्चर समितीनेही हे ओळखले होते की, असुरक्षिततेपोटी लोक एका जागी गोळा होतात आणि मग त्याच वस्तीत सोयी कमी पडत जातात. कोणी भीतीने मोहल्ल्यात राहिला तर त्याला मागासलेला म्हणू नये, आणि कोणी विश्वासाने बाहेर गेला तर त्याला फुटलेला म्हणू नये. दोघांचीही मुले आपलीच आहेत.

पाचवी गोष्ट कोरडी आहे, पण सर्वांत जास्त संसार तिच्यामुळेच बुडतात. जमिनीचे कागद. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणारे पुष्कळ आहेत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. अलीकडे शहरांलगतच्या भागांसाठी त्यात सवलती आल्या, पण प्रत्येक तुकड्याला त्या लागू होतीलच असे नाही. नुसत्या स्टँप पेपरवरच्या नोटरीने जमीन नावावर होत नाही. सातबारा पाहा, फेरफार पाहा, बिनशेतीचा हुकूम पाहा, रस्ता कागदावर आहे काय ते पाहा, आणि हे सारे विकणाऱ्याच्या वकिलाकडून न पाहता आपल्या वकिलाकडून पाहा. माझ्या एका सहकाऱ्याने फंडाचे सारे पैसे घालून घेतलेला तुकडा आजही त्याच्या नावावर नाही. त्याच्या मुलीचे कॉलेज त्या तुकड्यात गेले.

आणि गाव कायम गावच राहील असे समजू नका. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर, अंबड, पाथर्डी, मखमलाबाद, आडगाव ही आसपासची गावे शहरात आली. तेथे शांतता शोधत गेलेल्यांच्या दारात आज सिग्नल आहेत. ओझरलाही आता ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली. तेव्हा आज दिसते त्या शेतासाठी गाव निवडू नये. ते शेत मुलगा कॉलेजात जाईपर्यंत राहणार नाही. माणसे राहतील.

शेवटी, मला ओझरने जे शिकवले ते सांगून थांबतो. दिंडोरी तालुक्यात वाघाडचे धरण आहे. ओझरची शेती त्याच्या कालव्याच्या शेपटाला. वरच्या लोकांनी घेतल्यावर शेपटाला पाणी पोचतच नसे. कागदोपत्री जमीन भिजलेली, प्रत्यक्षात कोरडी. मोर्चे काढून काय व्हायचे ते होई. मग समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवले आणि १९९१ च्या सुमारास ओझरला पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी आपणच गोळा करायची, आपसांत वाटायचे. शेपटाला पाणी आले. पुढे वाघाड प्रकल्पाचे सारेच पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले आणि दूरदूरचे लोक ते पाहायला येऊ लागले.

माझी एक गुंठाही जमीन नव्हती. आबांबरोबर मी नुसता बैठकांना जाऊन बसे. तेथे मी पाहिले की, शेपटाला असणे हा गुन्हा नाही आणि नशीबही नाही. ज्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही त्याने कालव्यावर जाऊन शिव्या देता येतात, गाव सोडून वर राहायला जाता येते, किंवा शेजाऱ्याला बरोबर घेऊन वही आणि मोजपट्टी हातात धरता येते. ओट्यावरचा आमचा उर्दूचा वर्ग बंद पडला, कारण आम्ही त्याची संस्था केली नाही. तीन माणसांच्या उत्साहावर ठेवला. हा दोष माझा आहे. तुम्ही जेथे जाल तेथे, किंवा जेथे आहात तेथेच राहाल तर तेथे, हा दोष करू नका.

माझा धाकटा मुलगा, मेटॅडोरमधून नेलेला तो, आज अंबडला नोकरी करतो. त्यानेही गेल्या महिन्यात मला विचारले, "अब्बा, आम्ही बाहेर प्लॉट घेऊ का?" मी त्याला हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. मी त्याला सांगितले, डिसेंबरात एका संध्याकाळी सुनेला आणि नातीला घेऊन तेथे जा. स्टँडपासून चालत जा. वाटेत जो पहिला ओटा दिसेल तेथे पाणी माग. पाणी देताना ते तुझे नाव विचारतील. नाव ऐकल्यावर जर ते "बसा" म्हणाले, तर आणखी एक काम कर. त्यांच्याकडे काय अडले आहे ते विचार. त्यांच्या उत्तरात तुला करता येण्यासारखे काही असेल, तर तेथे घर बांधायला हरकत नाही. आणि आजीची वही बरोबर ने.